तोंड सांभाळ

"एवढ्या लवकर का सोडलंस?" हा प्रश्न मला गेली आठ-नऊ वर्षं विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचं तोंड पाहून द्यायची उत्तरं माझ्याकडे तयार आहेत. कारखान्यातले साहेब विचारतात तेव्हा सांगते, घरची जबाबदारी. बायकांना सांगते, लग्न. मग त्या समजल्यासारखी मान हलवतात आणि पुढचं काही विचारत नाहीत. एकदा एक वार्ताहर आला होता. त्याला 'नव्या मुलींना संधी मिळावी म्हणून' असं ठोकून दिलं. त्याने ते जसंच्या तसं छापलं, वर फोटो मात्र दुसऱ्याच मुलीचा. ज्यांना खेळातलं थोडंफार कळतं त्यांना सांगते, खांदा.

खांदा हे सगळ्यात उत्तम उत्तर आहे. बॉक्सरचा खांदा हा फार सोयीचा अवयव. बाहेरून काही दिसत नाही, एक्स-रे कोणी मागत नाही, आणि ऐकणारा लगेच हळहळतो. शिबिरांमध्ये माझ्या ओळखीच्या तीन-चार मुली अशाच ऐन भरात असताना खेळ सोडून गेल्या. एकीने खांदा सांगितला, एकीने पाठ, एकीने सासू. मी तेव्हा ते सगळं खरं मानलं होतं. आता मानत नाही. हरणारा सोडतो तेव्हा त्याला कारण लागत नाही. जिंकणारा सोडतो तेव्हा तो कारण शोधून आणतो, कारण खरं कारण सांगण्यासारखं नसतं.

मी सोडलं तेव्हा तेवीस वर्षांची होते. राज्यात माझ्या वजनात सलग तीन वर्षं पहिली, राष्ट्रीय स्पर्धेत एक रौप्य. आता नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बेअरिंग आणि ग्रीसचे डबे सांभाळते. त्यात वाईट काही नाही. माझे वडील त्याच एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर उभे होते. जिल्ह्याचं नाव बदललं, कंपनीच्या बोर्डावरचा पत्ता बदलला, आम्ही अजून 'नगर'च म्हणतो.

मला बॉक्सिंग शिकवलं मेजरांनी. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. तरुणपणी ते फौजेच्या संघातून खेळले, त्यांच्या वजनात चॅम्पियन झाले आणि सव्विसाव्या वर्षी सोडून मोकळे झाले. का सोडलं म्हणून विचारलं की म्हणायचे, "गुडघा."

आमची तालीम होती मंगल कार्यालयात. मालक मेजरांचे वर्गमित्र. ज्या दिवशी लग्न नसेल त्या दिवशी हॉल आमचा, फुकट. म्हणजे आमचा सगळा सराव पंचांगावर चालायचा. चातुर्मासात आमची चंगळ असायची, आणि तुळशीचं लग्न लागलं की आमचं दिवाळं. राज्य स्पर्धा नेमकी त्यानंतर, ऐन लग्नसराईत. आमच्या घरात पंचांग कधी टांगलेलं नव्हतं. आमच्यातली लग्नं त्रिसरण-पंचशील म्हणून लागतात, मुहूर्ताची भानगड नसते. पण गावातल्या कुठल्याही भटजींपेक्षा मला मुहूर्त जास्त पाठ होते, कारण मुहूर्त नसलेले दिवस मी बोटांवर मोजत होते. झुंबराच्या हुकाला आमची बॅग टांगायची. मांडवाची दोरी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या यांची रिंग. फरशीवर आदल्या दिवशीची हळद आणि पुरीचं तेल. त्या तेलावरून न घसरता पाय कसे टाकायचे हे मी तिथेच शिकले.

मेजरांचा मंत्र एकच. "तोंड सांभाळ!" दोन्ही हात वर, हनुवटी आत, कोपरं बरगड्यांना. सगळीकडे त्याला गार्ड म्हणतात. मेजर मराठीत ओरडायचे. मागे स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बायका हसायच्या, त्यांना वाटायचं म्हातारा पोरींना उलट बोलल्याबद्दल दटावतोय. आई तेच शब्द वेगळ्या काळजीने म्हणायची. "तोंड सांभाळ बाई. नाक वाकडं झालं तर कोन करील तुला?" लहानपणी गल्लीत कुणाला फाडकन बोलले की शेजारचे म्हणायचे, तोंड सांभाळ. शब्द तेच. मी तिन्ही ऐकत मोठी झाले आणि तिन्हींमधला फरक मला नीट कळतो असं मला वाटत होतं.

रौप्य घेऊन आले त्या वर्षी गावाने मिरवणूक काढली. चौकातल्या फ्लेक्सवर माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, 'सुप्रसिद्ध महिला पैलवान'. सत्काराला शाल, नारळ आणि चंदेरी रंगाची गदा. सरपंच माईकवर म्हणाले, आपल्या लेकीने कुस्तीत दिल्ली गाजवली. मी दिल्लीला गेलेही नव्हते. मेजरांनी जवळ जाऊन कानात सांगितलं, कुस्ती नव्हे, बॉक्सिंग. सरपंच म्हणाले, "तेच ते." मिरवणुकीचा ट्रॅक्टर आमच्या वस्तीच्या कमानीपर्यंत आला. गावाची कुठलीही मिरवणूक तिथवर येण्याची ती पहिली वेळ. वडील कमानीखाली उभे होते, हात जोडून. मला त्यांचे ते जोडलेले हात आवडले नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसले.

चैत्रात गावची यात्रा असते आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा. सरपंचांनी मेजरांना निरोप धाडला की या वर्षी हगाम्यात पोरीचं बॉक्सिंग दाखवा. मेजर पॅड धरतील, मी त्यावर ठोसे मारीन, पाच मिनिटांचा खेळ. बदल्यात शाळेमागची सोसायटीची रिकामी खोली बॉक्सिंगला देऊ, कायमची. मेजर त्या दिवसापासून हवेतच होते. टेप घेऊन गेले, खोली मोजली आणि फरशीवर चुन्याने रिंग आखून आले. मला म्हणाले, "आता पंचांग जाळून टाक."

मी हगामा कधी जवळून पाहिला नव्हता. वडीलही नाही. हगाम्यात कुणी कुणाला हाकलत नाही, तसं काही नाही. फक्त कोण कुठे बसतं ते ठरलेलं असतं, आणि आमची माणसं पाराच्या मागून, टाचा उंच करून बघत आली होती. त्या दिवशी वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आखाड्याच्या दोरीला खेटून बसले. मेजरांनीच हाताला धरून बसवलं होतं.

हगाम्यात वजनकाटा नसतो. पंच दोन पैलवान शेजारी-शेजारी उभे करतात, डोळ्यांनी मापतात आणि जोड लावतात. त्या दिवशी श्रीगोंद्याकडची एक मुलगी कुस्ती खेळायला आली होती. उसाच्या बागायतदार घरची, बावीस वर्षांची, एक कान कुस्तीत मोडलेला. तिच्याशी खेळणारी दुसरी मुलगी आलीच नाही. ती कुस्तीचा पोशाख चढवून तासभर बाकावर बसून होती. एवढ्यात पंचांची नजर माझ्यावर पडली. एक पोरगी इथे, एक तिथे, दोघी साधारण सारख्याच अंगाच्या. त्यांनी सरपंचांच्या कानात काही सांगितलं आणि सरपंचांनी माईक उचलला.

"मंडळी, दोन लेकी हायेत, दोनी पैलवान. जोड जमली!"

हलगी वाजायला लागली. मेजर धावत गेले. "न्हाई जमत. खेळ निराळा हाय. तिला बॉक्सिंग येत न्हाई."

सरपंचांनी माईकवर हात ठेवला. "मेजर, हात दोघींना दोन-दोनच हायेत का न्हाई? दोन मिन्टं खेळू द्या. लोकं लांबून आल्यात. त्या खोलीचा ठराव मंगळवारी घ्यायचाय आपल्याला."

मेजरांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला हो म्हण असं म्हणाले नाहीत, हे मी कुठेही शपथेवर सांगीन. ते नुसते बघत होते. मी नाही म्हणू शकले असते. मी खोलीतल्या चुन्याच्या रेघा आठवल्या, दोरीला खेटून बसलेल्या वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालेल."

तिला ग्लोव्हज मीच चढवले. मेजरांचे जुने ग्लोव्हज, आतला कापूस बसून कडक झालेले. ती हसत होती, तिला गंमत वाटत होती. म्हणाली, "हळू मार गं ताई. पोलीस भरतीत हाय मी. मैदानी झाली, लेखी झाली, आता मेडिकल ऱ्हायलंय फकस्त. मंग वर्दीच."

"तोंडावर नाही मारणार," मी म्हणाले. तिने ग्लोव्हजचे दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला आणि परत हसली.

मेजरांनी डोक्याला घालायची हेल्मेटं आणली होती. पंच म्हणाले, "ती टोपडी काढा. पैलवानाचं तोंड दिसाया पायजे." आम्ही ती काढून बाजूला ठेवली.

पहिलं मिनिट मी दिलेला शब्द पाळला. पायांवर फिरत राहिले, दंडावर, पोटावर हलकेच टपली मारल्यासारखे ठोसे. ती मध्येच हसायची. लोकांना काही मजा येईना. कोणीतरी ओरडलं, "नाचत्यात काय नुसत्या?" हगाम्यात लोकांना निकाली कुस्ती लागते. बरोबरीत सोडवलेली चालत नाही, एकाची पाठ मातीला लागलीच पाहिजे. ओरडा सुरू झाला, "निकाली! निकाली!" ती शेवटी पैलवान. जिचं उभं आयुष्य हा ओरडा ऐकत गेलं तिने तो ओरडा मानला. खाली झुकली, माझ्या कमरेला मिठी घातली आणि मला उचलून पाठीवर आपटलं.

माझ्या डोळ्यांपुढे आभाळ, तोंडात माती. फेटे उडाले, हलगीवाला तर आखाड्यातच शिरला. लोक म्हणत होते, चीतपट, चीतपट. मेजर ओरडत होते की धरायचं नसतं, हे चालत नाही, पण कुणाला ऐकू जात होतं? आणि माझ्या मागून, अगदी जवळून, एक आवाज आला. मोठ्याने नव्हता. "पदक घिऊन आलीया म्हनं. दाखवली का न्हाई जागा पोरीनं!"

मी उठताना वडिलांकडे पाहिलं. त्यांनी ते ऐकलं होतं. ते स्वतःच्या पांढऱ्या शर्टावरची माती झटकत होते. त्यांच्या शर्टावर माती नव्हतीच.

मेजरांनी आम्हाला परत समोरासमोर उभं केलं. तिला समजावलं, धरायचं न्हाई, उभ्यानं खेळायचं. तिने मान डोलावली. ती पकड घेणाऱ्या पैलवानासारखी उभी होती, गुडघे वाकवून, हात कमरेजवळ, चेहरा उघडा. सरपंच माईक घेऊन दोरीच्या आत आले होते. मी म्हणाले, "तोंड सांभाळ."

माईकने ते उचललं आणि सगळ्या मैदानाला ऐकवलं.

मैदान गप्प झालं. दहा गावची माणसं बसलेली, आणि आमच्या वस्तीतली एक पोरगी उसाच्या घरच्या पोरीला भर आखाड्यात म्हणत होती, तोंड सांभाळ. तिचं हसू गेलं. "कुनाला म्हनतीस गं?" असं म्हणून ती पुढे आली. हात तसेच, कमरेजवळ. मी डावा मारला, मग उजवा. उजवा तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. ती खाली बसली, आणि बसून राहिली. निकाली झाली.

मी ते कसं म्हणाले? मेजर म्हणायचे तसं, हात वर घे अशा अर्थाने? की गल्लीत भांडताना म्हणतात तसं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की माझाच आवाज मला आता नीट आठवत नाही. कधी तो मेजरांसारखा ऐकू येतो, कधी दुसऱ्यासारखा. माझ्या बाजूने मी बराच वकिली युक्तिवाद करून पाहिला. पण एक गोष्ट मला टाळता येत नाही. शिकवायचं असतं तर तिने हात वर घेईपर्यंत मी थांबले असते. मी थांबले नाही.

नंतर मला फेटा बांधला. आमच्या वस्तीतली पोरं पारामागून धावत आखाड्यात आली आणि नाचली. वडील रडले. ते सुखाने रडत होते, आणि त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस होता, ही या गोष्टीतली मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट आहे. मला त्यांना कधीच सांगता आलं नाही की तो दिवस मला पुसून टाकायचा आहे. ते गेले तेव्हाही त्यांच्या पाकिटात त्याच दिवसाचा फोटो होता, फेटा बांधलेल्या माझा.

तिच्याजवळ फक्त मेजर बसले होते. डोळा लाल झाला होता. गावातल्या डॉक्टरने थेंब दिले. बारा-तेरा दिवसांनी तिला त्या डोळ्यापुढे काळा पडदा दिसायला लागला, मग नगरला ऑपरेशन झालं. मेजरांना कळलं तेव्हा आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. तिचे वडील वॉर्डच्या दाराशी उभे होते. उंच, शांत माणूस. मला आत सोडलं नाही. मेजरांना म्हणाले, "तोंड सांभाळ म्हनली तुमची पोरगी. ठीक हाय. आता आमीच सांभाळतो." त्यांनी पोलीस केस केली नाही, कागदावर 'खेळताना' एवढंच लिहून दिलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या डोळ्याने तिला पुढे उजेड-अंधार एवढंच कळायचं. मेडिकलमध्ये तिला काढून टाकलं. वर्दी गेली. हे मला मेजरांनी सांगितलं तेव्हा आम्ही मंगल कार्यालयात होतो, आणि ते माझ्याकडे न बघता खुर्च्या एकात एक रचत होते.

खोलीचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. मंगळवारी ठराव आला नाही, पुढच्या मंगळवारीही नाही. नंतर सोसायटीने तिथे खताची पोती रचली. मेजरांच्या चुन्याच्या रेघा त्या पोत्यांखाली असतील.

त्या वर्षीची राज्य स्पर्धा मी खेळले आणि जिंकले. हेही सांगायला हवं, नाहीतर मी फार कोवळ्या मनाची होते असा कुणाचा समज व्हायचा. अंतिम लढतीतली मुलगी चांगली होती. तिसऱ्या फेरीत दमली आणि तिचे हात हळूहळू खाली आले. माझ्या कोपऱ्यातून मेजर काही ओरडले नाहीत. एरवी ते त्या क्षणी ओरडायचे, "उजवा!" मी त्या उघड्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडात ते दोन शब्द आले. मी दात आवळून धरले. उजवा मारलाच नाही. उरलेली फेरी डाव्या हातावर काढली आणि गुणांवर जिंकले. हात वर करून उभी राहिले, पदक गळ्यात घातलं, फोटो काढले. बसमध्ये नगरपर्यंत मेजर आणि मी शेजारी बसून आलो.

स्टँडवर उतरल्यावर मी म्हणाले, "सर, खांदा दुखतोय. मी आता थांबते."

त्यांनी वळून विचारलं, "कंचा?"

"उजवा."

"व्हय," ते म्हणाले. "माजा गुडघा बी तसलाच हाय."

एवढं बोलून ते स्टँडसमोरच्या पादचारी पुलाचा जिना चढून गेले. म्हातारा जिना असा चढला की बरोबरची तरुण पोरं मागे राहिली. त्या गुडघ्याआड त्यांनी कुणाला लपवलं होतं, कुठल्या गावाच्या, कुठल्या छावणीतल्या पोराला, हे मी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. चॅम्पियन बॉक्सर लवकर का सोडतात यावर लोक मोठमोठ्या गप्पा मारतात. शरीर झिजतं, पैसा नाही, सरकार लक्ष देत नाही. हे सगळं खरं आहे, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर मी तासभर चिडून बोलू शकते. पण मला वाटतं, आपण मारतो तेव्हा मारणारं नेमकं काय असतं हे ज्याला एकदा दिसलं, त्याला परत ग्लोव्हज चढवणं जड जातं. हरणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला फक्त समोरून येणारा हात दिसतो.

गेल्या वर्षी कारखान्यातल्या एका बाईंनी नवी गाडी घेतली आणि आम्हा चौघींना शनिशिंगणापूरला घेऊन गेल्या. मी देवाला जात नाही. बाकीच्या चौघी दर्शनाच्या रांगेत गेल्या आणि मी रस्त्याकडेच्या पूजेच्या दुकानांपैकी एकापुढे, स्टुलावर सावलीत बसले. रुईच्या माळा, काळं कापड, तेलाच्या बाटल्या. दुकानातली बाई गिऱ्हाइकाला काही देताना सगळी मान डावीकडे वळवायची, मग हात पुढे करायची. आधी मला ते फक्त विचित्र वाटलं. मग तिचा मोडलेला कान दिसला.

मी उठून निघून जायला हवं होतं. तेवढ्यात तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, उजव्या डोळ्याने, नीट.

"ताई? बॉक्सिंगवाली ताई ना तू?"

ती काउंटरच्या बाहेर आली. मला वाटलं आता बोलेल. मनातल्या मनात मी केव्हाची त्याची वाट बघत होते. तिने चहा मागवला. लग्न इथलं झालं, दुकान सासरचं, दोन मुलं, आबा दोन वर्षांपूर्वी वारले. हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "आबा शेवटपत्तुर म्हनायचे, तिनं शिवी दिली तुला. मी म्हनायचे, न्हाई आबा. चॅम्पियन मानूस शिवी कशाला दिल? ती शिकवत हुती. मलाच कळलं न्हाई. मी हात वर घेतला असता तर काय झालं नसतं. त्यावरनं लई भांडलो आमी बापलेक." तिने मान वळवली. "शिकवत हुतीस ना?"

माझा चहा हातातच होता.

"हो," मी म्हणाले.

"बघ!" ती मोकळी हसली. ग्लोव्हज चढवताना हसली होती तशीच. "मी गिऱ्हाइकांना बी सांगते, डोळ्याला काय झालं इचारलं की. म्हनते, इंडियाची चॅम्पियन हाय, तिच्यासंगं खेळलेय मी. अजून खेळतीस ना?"

"सोडलं."

"अगं! का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल. खरं उत्तर ज्या एका माणसाला देणं भाग होतं, ते माणूस माझ्याकडे सगळी मान वळवून, खरोखर काळजीने बघत होतं.

"खांदा," मी म्हणाले.

"कंचा?"

"उजवा."

ती पैलवानच. लगेच जवळ आली, माझ्या उजव्या खांद्यावर अंगठा रोवून चाचपायला लागली. सांध्यापाशी दाबून म्हणाली, "हितं दुखतं?"

"हो."

तिने काउंटरखाली हात घातला आणि देवाला वाहायच्या बाटल्यांमागून एक वेगळी बाटली काढली, मळकट लेबलाची. "हे देवाचं न्हाई, घरचं हाय. आमच्या तालमीत हेच चोळायचे. रोज गरम करून चोळ. महिन्यात खांदा मोकळा व्हतो का न्हाई बघ, आन् परत खेळ. असं अर्ध्यात सोडू नये गं ताई."

बाटली घरी कपाटावर आहे, त्या चंदेरी गदेशेजारी. वर्ष होत आलं, बूच उघडलेलं नाही. खांद्याला काहीच झालेलं नाही.